पांढुर्ण्याचा ताम्रपट आणि संशोधकाचा पहिला लेख

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्णा हे गाव लागते. संत्र्यांच्या बागांसाठी आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीसाठी ते प्रसिद्ध आहे. परंतु प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकाला हे नाव निराळ्याच कारणाने परिचित असते. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याच्या राजवटीच्या एकोणतिसाव्या वर्षाचा एक ताम्रपट पांढुर्ण्याच्या नावाने ओळखला जातो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वाकाटक कोरीव लेखांच्या बृहत्संग्रहात त्याचा समावेश केला. पाचव्या शतकातील एका भूमिदानाचे हे शासन आज ज्ञानाच्या भांडारात सुरक्षित आहे, ते कोणा मोठ्या सिद्धान्तामुळे नव्हे. कोणीतरी त्याचे अक्षर न् अक्षर वाचून ते योग्य त्या रूपात छापले, म्हणून.

'योग्य त्या रूपात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. संशोधनाच्या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या तरुणापुढे पहिला प्रश्न विषयाचा असतो, आणि दुसरा, बहुधा दुर्लक्षित राहणारा, लेखाच्या प्रकाराचा. हाती आलेल्या साधनाचे संपादन करावे, की छोटेसे टिपण लिहावे? दुसऱ्याच्या ग्रंथाचे परीक्षण करावे, सूची तयार करावी, की एकदम सर्वंकष विवेचनाला हात घालावा? या निवडीवर लेखाचे आयुष्य किती अवलंबून असते, हे वाकाटकांच्या इतिहासाइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरीकडे दिसते.

ताम्रपटाचे संपादन ही एक ठरीव शिस्त आहे. पत्रे किती, त्यांची लांबीरुंदी व वजन किती, कडी आणि मुद्रा आहे की नाही, हे प्रथम नोंदवावयाचे. मग लिपीचे व भाषेचे वर्णन, ओळीगणिक मूळ पाठ, अशुद्धांची तळटीप, भाषांतर आणि शेवटी दानात उल्लेखिलेल्या गावांचा आजच्या नकाशावर शोध. या सर्वांत संपादकाच्या कल्पनाशक्तीला वाव थोडा. परंतु म्हणूनच त्याचे काम दीर्घकाळ टिकते.

छिंदवाडा जिल्ह्यातच मिळालेला दुदियाचा ताम्रपट घ्या. जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपादित केला. त्यापूर्वी १८८८ मध्ये फ्लीट यांनी चम्मक आणि सिवनी येथील वाकाटक ताम्रपट प्रसिद्ध केले होते. या ताम्रपटांत प्रवरसेनाचा मातामह म्हणून देवगुप्त राजाचे नाव येते. हा देवगुप्त म्हणजे मगधातील उत्तरकालीन गुप्तांपैकी त्या नावाचा राजा, असे फ्लीट यांनी मानले. आणि त्या एका समजुतीमुळे वाकाटकांचा काळ सुमारे तीन शतके पुढे ढकलला गेला. पुढे प्रभावतीगुप्ता या वाकाटक राणीचा ताम्रपट पुण्यात उपलब्ध झाला. त्यात तिचा पिता चंद्रगुप्त असल्याचे स्पष्ट सांगितले होते. देवगुप्त हे दुसऱ्या चंद्रगुप्ताचेच दुसरे नाव ठरले, आणि फ्लीट यांची कालगणना कोसळली. तथापि त्यांनी सिद्ध केलेला पाठ कोसळला नाही! आजही चम्मकच्या ताम्रपटाचा अभ्यासक त्यांच्या संपादनाकडे वळतो. एकाच विद्वानाच्या एकाच कामातील अनुमान गेले, वाचन राहिले.

पुण्याच्या या ताम्रपटाचे संपादन दोघांनी मिळून केले होते. एक, वयोवृद्ध पंडित का. बा. पाठक, दुसरे, पुढे भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झालेले का. ना. दीक्षित. दीक्षितांचा तो उमेदीचा काळ होता. ज्येष्ठाच्या जोडीने एका साधनाचे संपादन करणे, हा संशोधनात प्रवेश करण्याचा किती उत्तम मार्ग आहे, याचे हे बोलके उदाहरण होय.

दुसरा मार्ग टिपणाचा. १९३९ मध्ये वाशीमचा ताम्रपट उजेडात आला. यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे आणि महाजन यांनी त्याची वार्ता प्रथम विद्वानांपुढे ठेवली. सविस्तर संपादन मिराशींच्या सहभागाने नंतर झाले. या ताम्रपटाने वाकाटकांची एक स्वतंत्र वत्सगुल्म शाखा होती हे सिद्ध केले. मग अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील जीर्ण शिलालेख पुन्हा पाहिला गेला, आणि ब्यूलर यांनी पृथ्वीषेण म्हणून वाचलेले नाव वस्तुतः विंध्यसेन असल्याचे मिराशींनी दाखवून दिले. एका नावाची दुरुस्ती, तीही मोजक्या अक्षरांची. परंतु तिने वंशावळ बदलली.

टिपणाची ही परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. १९१० मध्ये राजवाडे व मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. तेथील सभांतून एखादे पत्र, एखादी सनद, एखादी शकावली वाचली जाई आणि ती मंडळाच्या इतिवृत्तांतून छापली जाई. नवख्याला तेथे मज्जाव नव्हता. अट एवढीच की, हाती काही अस्सल हवे. भांडारकर संस्थेचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी तर याच प्रकाराला आयुष्य वाहिले. त्यांच्या नावावर चारशेहून अधिक लेख आहेत, आणि त्यांतील कितीतरी केवळ एखाद्या ग्रंथाचा काळ किंवा एखाद्या वस्तूच्या वापराचा इतिहास ठरविण्यापुरते आहेत. सूचीचे कामही असेच. शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची वरकरणी निव्वळ यादी दिसते; परंतु तिच्यावाचून मराठी ग्रंथांच्या अभ्यासकाचे पाऊल पुढे पडत नाही.

मग मोठे विवेचन लिहूच नये काय? तसे नाही. मिराशींचा 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हा मराठी ग्रंथ १९५७ मध्ये निघाला. परंतु ते १९१९ पासून नागपुरास अध्यापन करीत होते, आणि त्या ग्रंथामागे वर्षानुवर्षांचे वाचन व सुटे लेख उभे होते. सुटी टिपणे कोणी एकत्र गुंफलीच नाहीत, तर तीही विखरून जातात. प्रश्न क्रमाचा आहे. शिवाय सर्वांत अनुभवी विद्वानाचे अनुमानही अंतिम नसते. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, असे मिराशींचे मत होते. पुढे रामटेकजवळच्या मनसर येथील उत्खननानंतर काही अभ्यासकांनी तो मान मनसरला दिला. मात्र दुदियाचे शासन प्रवरपुराहून निघाले, हे वाचन दोन्ही पक्षांना मान्यच आहे.

आजच्या तरुणापुढील अडचण निराळी आहे. मध्यंतरीच्या काळात प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख छापून येणे सक्तीचे झाले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत ती सक्ती काढली. तरी लेखांच्या संख्येचा मोह ओसरलेला नाही. घाईत लिहावयाचे तर व्यापक विवेचन सोपे वाटते. दहा ग्रंथांतून उतारे जमविले की ते उभे राहते. ताम्रपटाची एक झिजलेली ओळ वाचावयास मात्र महिना लागतो. ज्याची नोकरी, ज्याच्या घरची आशा त्या संख्येवर अवलंबून आहे, त्याला हा महिना महाग पडतो हे खरे. परंतु उसन्या मतांचा लेख पुढे त्याच्याच उपयोगी पडत नाही, हेही तितकेच खरे.

पांढुर्णा आणि सौंसर या भागात तर ही निवड अधिकच मोलाची आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्याचा हा मराठी भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. मराठी, हिंदी व गोंडी यांच्या सीमेवरील या मुलखाचा इतिहास लिहावयाचा, तर आधी त्याची साधने नोंदवावी लागतील. गोटमारीचेच पाहा. तिच्या उगमाची प्रेमी युगुलाची कथा घरोघर सांगितली जाते. ती कथा कोण, कोठे, कशी सांगतो हे जसेच्या तसे टिपणे हा एक लेख झाला. ती ऐतिहासिक घटना होती असे सिद्ध करणे हा दुसरा. पहिला आज एकटा तरुण लिहू शकेल. दुसऱ्यास पुराव्याची वाट पाहावी लागेल. आणि वृद्ध निवेदकांच्या बाबतीत पाहता, पहिल्याला मात्र वाट पाहण्यास वेळ नाही.

हाती पुरावा जेवढा, तेवढाच लेख, हा पांढुर्ण्याच्या ताम्रपटाचा धडा आहे. तांब्याच्या त्या पत्र्यांवर राजाने दानापुरतेच शब्द कोरविले, आणि ते दीड हजार वर्षे टिकले.