एका माणसाची नाव

आपल्या बोलण्यातील नाव ही बहुधा पैलतीर गाठण्यासाठी असते. घाटावरून निघावे, प्रवाह आडवा कापावा आणि समोरच्या काठाला लागावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. नदीच्या अंगानेच, खडकांतून फेसाळत उतरणाऱ्या पाण्याबरोबर एकट्याने नाव हाकीत जाणे हा प्रकार आपल्या लोकव्यवहारात फारसा रुजला नाही. उत्तर अमेरिकेतील अरण्यांत मात्र तो जगण्याचाच भाग होता. तेथून तो युरोपात गेला आणि पुढे खेळ म्हणून जगभर पसरला. अशा पाण्यासाठी एकट्या माणसाने कोणती नाव निवडावी, या वरवर किरकोळ दिसणाऱ्या प्रश्नाचा इतिहास आम्ही येथे मांडीत आहोत. प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. निवड चुकली तर त्याची किंमत कधी कधी प्राणांनी मोजावी लागते.

आरंभी नावेची ओळख करून घेऊ. ‘कनू’ म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली, बहुधा वरून उघडी असलेली हलकी होडी. ती एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवितात. ‘कयाक’ वरून झाकलेली असते आणि तिचे वल्हे दोन्ही टोकांना पाते असलेले असते. कयाकमध्ये डावे-उजवे हात आळीपाळीने चालतात, त्यामुळे नाव आपोआप सरळ राहते. कनूत एकटाच माणूस असेल तर तो एकाच बाजूला वल्हे मारतो आणि प्रत्येक फटक्यासरशी नावेचे तोंड दुसऱ्या बाजूला वळू पाहते. म्हणून फटक्याच्या शेवटी वल्ह्याचे पाते किंचित बाहेर ढकलून तोंड पुन्हा मार्गावर आणावे लागते.

निवडीचा सारा पेच येथेच आहे. नाव लांब आणि तळाला सरळ असेल तर ती दिशा धरून चालते, पण समोर खडक आला असता वेळेवर वळत नाही. आखूड असून तिची टोके पाण्यावर उचललेली असतील तर ती जागच्या जागी गिरकी घेते, पण संथ पाण्यात तिला सरळ नेताना माणूस मेटाकुटीला येतो. दोन्ही गुण पूर्णत्वाने एका नावेत नांदत नाहीत. त्यामुळे या नावेच्या इतिहासात प्रत्येक पिढीने काहीतरी मिळविले आणि त्यासाठी काहीतरी सोडून दिले, असेच आपणांस दिसेल.

मूळ कारागीर होते उत्तर अमेरिकेचे आदिवासी. बर्च वृक्षाची साल मोठ्या पट्ट्यांनी काढावयाची, तिची पांढरी बाजू आत व तांबूस बाजू बाहेर ठेवावयाची, आतून देवदाराच्या जातीच्या लाकडाच्या बारीक फासळ्या बसवावयाच्या, स्प्रूस वृक्षाच्या मुळ्यांनी शिवण घालावयाची आणि सांधे त्याच झाडाच्या राळेने बुजवावयाचे, अशी ही नाव होई. खडकावर साल फाटली तर दुरुस्तीचे सामान दोन्ही काठांच्या अरण्यात उभेच असे. कातडी-व्यापाराच्या काळात डझनभर माणसे बसतील एवढ्या प्रचंड कनू बांधल्या गेल्या, तशाच एकट्या शिकाऱ्यापुरत्या लहानग्याही. एडविन टॅपन ॲडनी (१८६८–१९५०) या अभ्यासकाने या नावांची मोजमापे घेण्यात आणि त्यांच्या प्रतिकृती घडविण्यात आयुष्य वेचले. त्याच्या टिपणांवरून हॉवर्ड चॅपेल यांनी सिद्ध केलेला ग्रंथ १९६४ साली अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने प्रसिद्ध केला. जमातीगणिक आणि पाण्यागणिक नावेचा आकार कसा बदलत गेला, हे त्यातून कळते. ‘सर्वांत चांगली नाव कोणती’ हा प्रश्न त्या कारागिरांना निरर्थक वाटला असता. कोणत्या नदीसाठी, कोणासाठी, एवढेच त्यांनी विचारले असते.

युरोपात एकट्याच्या नौकाविहाराची गोडी लावली ती जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश बॅरिस्टराने. १८६५ साली त्याने ‘रॉब रॉय’ नावाची नाव बांधवून घेतली आणि तीतून ऱ्हाईन, डॅन्यूब आदी नद्यांचा प्रवास केला. तिचे अंग ओक लाकडाचे होते, वरचे झाकण सीडरचे, लांबी १५ फूट, रुंदी २८ इंच आणि वजन ८० पौंड, म्हणजे सुमारे ३६ किलो. लांबी १५ फूटच का, याचे त्याने दिलेले कारण मासलेवाईक आहे. जर्मन रेल्वेच्या डब्यात मावावी म्हणून! नदीचा प्रवास आगगाडीला जोडून घ्यावयाचा होता, तेव्हा नावेची लांबी पाण्याने ठरविली नाही, रुळांनी ठरविली. झाकण आणि दुपाती वल्हे पाहता आजचा जाणकार तिला कयाकच म्हणेल. परंतु १८६६ साली आलेले मॅकग्रेगरचे प्रवासवर्णन आणि त्याच वर्षी लंडनमध्ये त्याच्या पुढाकाराने निघालेला कनू क्लब यांमुळे एकट्या माणसाची नाव ही कल्पना सुशिक्षित समाजात रूढ झाली, यात शंका नाही.

याच्या अगदी उलट टोकाला जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स हा अमेरिकन लेखक उभा आहे. ‘नेसमुक’ या टोपणनावाने तो लिहीत असे. देहयष्टी किरकोळ, छातीचे दुखणे जडलेले आणि वय साठीच्या घरातले. न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक पर्वतातील सरोवरे त्याला पाहावयाची होती. तेथे एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना नाव खांद्यावर घेऊन चालावे लागे. श्रीमंत प्रवासी त्यासाठी वाटाडे ठेवीत. सिअर्सला ते नको होते. आपली नाव आपल्यालाच उचलता आली पाहिजे, हा त्याचा हट्ट. कँटन गावच्या जे. हेन्री रश्टन या कारागिराने त्याच्यासाठी १८८० पासून एकाहून एक हलक्या नावा बांधल्या. १८८३ ची ‘सेअरी गॅम्प’ केवळ ९ फूट लांब आणि साडेदहा पौंडांची, म्हणजे पावणेपाच किलोंहून किंचित अधिक होती! चार्ल्स डिकन्सच्या कादंबरीतील ज्या दाईचे नाव तिला दिले, ती आपल्या पेयात पाणी घालीत नसे. नावेनेही पाणी आत घेऊ नये, हा त्यातला विनोद. या नावेतून सिअर्सने २६६ मैलांचा प्रवास पुरा केला.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. सिअर्सचे पाणी बहुतांशी सरोवरांचे होते. खळाळत्या पाण्यात पहिल्याच खडकाने त्या पातळ फळ्यांचा चुरा केला असता. नाव उचलण्याच्या दृष्टीने जी सर्वांत योग्य, तीच खडकांच्या दृष्टीने सर्वांत अयोग्य ठरते. दुसऱ्याची गाजलेली नाव डोळे मिटून घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

विसाव्या शतकात कॅनडातील फ्रेडरिक्टन शहरच्या चेस्टनट कंपनीची ‘प्रॉस्पेक्टर’ ही नाव नावाजली गेली. लाकडी फासळ्यांवर कॅनव्हास ताणून ती बनवीत. तळ गोलसर, पोट खोल, टोके किंचित उचललेली. नाव खरे तर दोघांची. परंतु बिल मेसन (१९२९–१९८८) या कॅनेडियन चित्रपटकाराने १६ फुटी प्रॉस्पेक्टर एकट्याने खळाळातून कशी न्यावी, हे लोकांना दाखवून दिले. मध्याजवळ एका अंगाला गुडघे टेकून बसावयाचे, म्हणजे नाव त्या बाजूला कलते, पाण्यात टेकणारी तिची लांबी कमी होते आणि ती चटकन वळते. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी त्याने १९७७ साली केलेल्या माहितीपटांच्या मालेत एक भाग खास एकट्याच्या खळाळत्या पाण्यातील नौकानयनाला दिलेला आहे. नाव बदलणे शक्य नसेल तर बसण्याची जागा बदलावी, हा त्यातील धडा आम्हांस मोलाचा वाटतो.

दुसरीकडे, महायुद्धात लढाऊ विमाने बांधणाऱ्या ग्रुमन कंपनीने १९४५ पासून ॲल्युमिनियमच्या कनू काढल्या. त्या स्वस्त, टिकाऊ आणि निगेची फारशी गरज नसलेल्या होत्या. पण धातू खडकावरून घसरत नाही, तो खडकाला चिकटतो. अशी नाव आडवी अडकली म्हणजे काय होते, हे साध्या हिशेबाने कळेल. एक घनमीटर पाणी हजार किलो भरते. पाण्याने भरलेली नाव खडकाला टेकली आणि मागून प्रवाहाचा रेटा बसू लागला की धातू कागदासारखा दुमडतो. खडक आणि नाव यांमध्ये माणूस सापडला तर त्याची सुटका फार कठीण.

या अडचणीवरचा तोडगा रसायनशास्त्राने दिला. युनिरॉयल कंपनीचे ‘रॉयलेक्स’ हे अनेक थरांचे प्लॅस्टिक १९७० च्या दशकात कनूसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. मध्ये फेसासारखा हलका थर, दोन्ही बाजूंना कठीण थर आणि बाहेर व्हिनाइलचे आवरण, अशी त्याची रचना. खडकावरून ते घसरे, आणि दुमडलेली नाव पुष्कळदा पायांनी दाबून पूर्वाकारावर आणता येई. धीर वाढला तशी नाव आखूड होत गेली. सोळा फुटांवरून तेरा, अकरा आणि पुढे नऊ फुटांच्याही आत. पाणी शिरावयास जागाच उरू नये म्हणून आत हवेच्या पिशव्या बांधल्या गेल्या. बसण्यासाठी खोगिरासारखी बैठक आणि मांड्यांना पट्टे आले. मात्र २०१३ साली रॉयलेक्सचे उत्पादन थांबविण्याची घोषणा झाली, २०१४ मध्ये ते बंद पडले, आणि एका कारखान्याच्या निर्णयाने सबंध पिढीच्या परिचयाच्या नावा बाजारातून गेल्या. क्यूबेकमधील एस्किफ कंपनीने त्याच धर्तीवर ‘टी-फॉर्मेक्स’ काढून ती उणीव पुष्कळशी भरून काढली. पण बर्चची साल अरण्यात पुन्हा येते, कारखान्यातला साचा तसा येत नाही, हे यावरून उमगले.

खेळाच्या क्षेत्रात झाकलेली, गुडघ्यांवर बसून एकपाती वल्ह्याने हाकावयाची एकट्याची कनू १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये आली. पुढे वीस वर्षे खळाळत्या पाण्याच्या शर्यती ऑलिम्पिकबाहेर राहिल्या आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपासून पुन्हा सुरू झाल्या. स्त्रियांना या एकट्या कनूत उतरण्याची संधी मात्र टोकियो स्पर्धेत, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ साली मिळाली. ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्स या पहिल्या विजेत्या ठरल्या.

या प्रवाहाचा एक फाटा आपल्या परिचयाच्या घाटापर्यंतही पोचला आहे. इंदूरकर वाचकांना महेश्वरची सहस्रधारा ठाऊक आहेच. सहस्रार्जुनाने आपल्या हजार बाहूंनी नर्मदा अडविली आणि ती हजार धारांनी निसटली, अशी कथा जेथे सांगतात, तेथेच २०२३ च्या आरंभी खेलो इंडिया युवा स्पर्धांतील कनू स्लॅलम झाली. अहिल्याबाईंच्या नगरीलगत तरुण मुलेमुली त्या धारांतून नावा वळवीत उतरली. आपल्या नातवंडांपैकी कोणी उद्या अशी नाव मागितली तर तिची किंमत किंवा रंग पाहण्यापूर्वी काय विचारावे, हे वरील इतिहासाने सांगून ठेवले आहे.

पहिला प्रश्न पाण्याचा. ते खळाळते आहे की मधूनमधून लांब संथ डोह आहेत? दुसरा शरीराचा. वजन किती, गुडघ्यांवर किती वेळ बसवते, आणि नाव एकट्याने काठावर ओढून आणता येईल का? तिसरा वाहून नेण्याचा. मॅकग्रेगरचा रेल्वेचा डबा आज मोटारीच्या टपावर आला आहे इतकेच. चौथा प्रश्न, नाव उलटली तर ती किती पाणी घेईल आणि आपण तीतून किती लवकर मोकळे होऊ? नवशिक्याने फार आखूड नावेच्या मोहात न पडता थोडी लांब, स्थिर नाव प्रथम घ्यावी, हवेच्या पिशव्या, जीवरक्षक जाकीट व शिरस्त्राण यांत काटकसर करू नये, आणि बोलून-चालून एकट्याची नाव असली तरी खळाळात एकट्याने जाऊ नये. काठावर दोर घेऊन उभा असलेला सोबती हाही त्या नावेचाच भाग समजावा.

दूरदेशी वसताना बरोबर काय घ्यावे आणि काय मागे ठेवावे, याचा निर्णय आपल्या पूर्वजांनी एकेकाळी केलाच होता. सिअर्सने आपल्या खांद्याला पेलेल तेवढीच नाव मागितली, मॅकग्रेगरने डब्यात मावेल तेवढी. दोघांनीही आपली मर्यादा आधी ओळखली आणि मग कारागिराकडे गेले. चांगली निवड याच क्रमाने होते, असे आम्हांस वाटते.