ओझोनला भगदाड पाडणारे ढग

१/ मे १९८५. अंटार्क्टिकावरील हॅली बे येथे दर वसंतात, म्हणजे तिकडच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, ओझोनचा थर झपाट्याने विरळ होत असल्याचे जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये जाहीर केले.

२/ संशयित ठाऊक होता. शीतकपाटे आणि फवाऱ्यांतील क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंतून वर सुटणारा क्लोरीन ओझोन नष्ट करील, असा इशारा मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्येच दिला होता. परंतु त्या हिशेबाने ऱ्हास संथ आणि सुमारे ४० किलोमीटर उंचीवर व्हायला हवा होता. येथे तो त्याच्या निम्म्या उंचीवर, काही आठवड्यांत घडत होता.

३/ उत्तर ढगांत दडले होते. स्थितांबर इतके कोरडे असते, की तेथे सहसा ढग बनत नाहीत. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात मात्र सूर्य दिसत नाही आणि ध्रुवाभोवतीचे प्रबळ वारे आतली हवा कोंडून धरतात. ती गारठत जाते.

४/ तापमान सुमारे उणे ७८ अंश सेल्सिअसखाली उतरले, की नायट्रिक आम्ल आणि पाणी यांचे सूक्ष्म कण बनतात. उणे ८५ च्या आसपास निव्वळ बर्फाचे स्फटिक. १५ ते २५ किलोमीटर उंचीवरचे हे ढग संधिप्रकाशात शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे झळकतात.

५/ १९८६ मध्ये सुसान सोलोमन व सहकाऱ्यांनी दुवा जोडला. स्थितांबरातील बहुतेक क्लोरीन दोन निरुपद्रवी संयुगांत बंदिस्त असतो. वायुरूपात ती एकमेकांना जवळजवळ दाद देत नाहीत. ढगकणांच्या पृष्ठभागावर मात्र त्यांची अभिक्रिया वेगाने होते. सुटा झालेला क्लोरीन हिवाळाभर साचतो. वसंताचे ऊन पडताच त्याचे रेणू फुटतात आणि ओझोनचा संहार सुरू होतो.

६/ १६ सप्टेंबर १९८७. चिलीतील पुंटा अरेनासहून उडालेले नासाचे विमान ध्रुवीय भोवऱ्यात शिरले. जेथे क्लोरीन मोनॉक्साइड चढला, तेथे ओझोन घसरलेला आढळला.

७/ त्याच दिवशी मॉन्ट्रियलमध्ये २४ देशांनी या वायूंवर निर्बंध घालणाऱ्या करारावर सह्या केल्या. विमानाची नोंद त्यांच्यासमोर नव्हती. बळावलेला संशयच त्यांनी पुरेसा मानला. ते ढग आजही दर हिवाळ्यात जमतात. त्यांना रोखणे माणसाच्या हाती नव्हते; क्लोरीनचा पुरवठा तोडणे होते.