घरांतील मोड: संचय आणि विनियोग

बाजारांतून उठून गेलेलीं नाणीं मराठी भाषेंत अजून चालतात. एखादी गोष्ट सोळा आणे खरी असते, कृपण मनुष्य कवडीचुंबक ठरतो, हिशेब पै-पैचा द्यावा लागतो, आणि गांठीं दमडी नसल्याची तक्रार तर नित्याचीच. ज्या मोडीवर पूर्वीच्या पिढ्यांचा संसार चालला, तिची आठवण भाषेनें अशी जपून ठेविली आहे.

तें जुनें कोष्टक आज पुष्कळांस परकें वाटेल. तीन पयांचा एक पैसा, चार पैशांचा एक आणा व सोळा आण्यांचा एक रुपया. म्हणजे रुपयाचे पैसे ६४ आणि पया १९२. पैशाचा चौथा हिस्सा ती दमडी, आणि तिच्याखालीं कवड्या. आण्याच्या वर चवली, पावली व अधेली, म्हणजे अनुक्रमें दोन, चार व आठ आणे. कंपनी सरकारनें १८३५ सालीं आपल्या मुलखांत एकच रुपया चालू केला, तरी शिवछत्रपतींच्या नांवाची तांब्याची शिवराई त्यानंतरही महाराष्ट्राच्या बाजारपेठांतून हातोहात फिरत होती.

गृहिणीच्या हातीं अख्खा रुपया क्वचितच पडे. पडे ती मोड. भाजी घेऊन उरलेला पैसा प्रथम पदराच्या गांठीस किंवा कनवटीस लागे, आणि तेथून डाळीच्या डब्याच्या तळाशीं अथवा मातीच्या गल्ल्यांत जाई. या गल्ल्याची घडण मोठी शहाणपणाची आहे. पैसा आंत जाण्यापुरती चीर ठेविलेली. बाहेर येण्यास वाट नाहीं. भांडें फोडावें तेव्हांच पैसा हातीं यावा! अर्थशास्त्राचें एक पानही न वाचतां कुंभारानें मनुष्यस्वभाव ओळखिला होता. रोज एक पैसा टाकिला तर वर्षाअखेर ३६५ पैसे, म्हणजे पांच रुपये, अकरा आणे व एक पैसा जमत. थेंबे थेंबे तळें साचें तें असें.

तथापि गल्ल्यांतला पैसा निजलेला असतो. त्यास व्याज नाहीं, चोराचें भय मात्र आहे. सावकाराच्या पेढीवर दोन-चार रुपयांच्या धन्याची दाद कोण घेणार? ही उणीव भरून काढण्यास १८८२ सालीं हिंदुस्थानांत पोस्टाच्या सेव्हिंग्ज बँका निघाल्या. टपालाच्या खिडकीवर पैसे भरावे, पुस्तकांत नोंद करून घ्यावी, आणि गरज पडेल तेव्हां व्याजासह परत घ्यावे, ही सोय कारकून, शिक्षक व शिपाई यांच्या घरांसही मिळाली. निजलेला पैसा जागा झाला.

याच पैशास देशकार्यास लावण्याची कल्पना महाराष्ट्रांत अंताजी दामोदर काळे यांनीं मांडिली. प्रत्येकानें एक पैसा द्यावा व त्या निधींतून स्वदेशी उद्योग उभारावे, असा त्यांचा साधा हिशेब होता. १९०१ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानची लोकसंख्या २९ कोटींच्या वर भरली होती. माणशीं एक पैसा धरिला तर पंचेचाळीस लाखांहून अधिक रुपये होतात. अर्थात् सर्वांनीं पैसा दिला नाहीं आणि तेवढी रक्कम जमली नाहीं. परंतु लोकमान्य टिळकांसारख्या पुढाऱ्यांचा पाठिंबा त्या ‘पैसा फंडा’स मिळाला, आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें त्याचा काच कारखाना उभा राहिला. काचकामाचें शिक्षण परदेशांत घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे तेथील आरंभींचे तज्ज्ञ. काचेचें सामान मुख्यतः परदेशांतून येण्याचा तो काळ होता. तळेगांवच्या भट्टीपाशीं काम शिकलेले तरुण पुढें निरनिराळ्या प्रांतांतल्या कारखान्यांत गेले. ज्या पैशास एकटें असतां मूठभर चण्यांपलीकडे मोल नव्हतें, त्याच्या राशींतून देशास एक विद्या लाभली.

संचयाची दुसरी बाजू महायुद्धाच्या काळांत दिसली. भाव चढूं लागले तशी मोडीची गरज वाढली. उलट धातूची टंचाई होती, आणि कागदी नोटेचा भरंवसा कमी झालेले लोक नाणीं घरांत दाबून ठेवूं लागले. गरजेहून अधिक नाणीं सांठविणें हा गुन्हा ठरविणारा हुकूम सरकारनें १९४० सालींच काढिला होता. तरीही १९४२-४३ च्या सुमारास मोड बाजारांतून जवळजवळ नाहींशी झाली. दुकानदार पैशांऐवजीं टपालाचीं तिकिटें देऊं लागले. बिकानेर, बुंदी, मोरवी यांसारख्या संस्थानांनीं तर कागदी कुपनें छापिलीं. अखेर १९४३ सालीं मधोमध मोठें भोंक असलेला पैसा निघाला. तांब्याचा जुना पैसा १०० ग्रेन वजनाचा, १९०६ नंतरचा कांशाचा ७५ ग्रेन, आणि हा नवा जेमतेम ३० ग्रेन!

या टंचाईची खरी झळ श्रीमंतास लागली नाहीं. ज्याची खरेदीच पैशा-दोन पैशांची, त्यास मोडीवांचून बाजार बंद झाला. एका घरीं मोड जमविणें ही काटकसर होय. भयानें घरोघर ती अडकून पडली, तेव्हां तीच शेजाऱ्याची अडचण झाली.

पुढें १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान पद्धत आली, रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि आणा-पै हळूहळू व्यवहारांतून गेले. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालचीं सर्व नाणीं चलनांतून रद्द झालीं. त्यापूर्वीं तीं बँकेंतून बदलून घेण्याची मुभा होती. ज्यांनीं बदलून घेतलीं त्यांस त्यांचें मोल मिळालें. ज्यांचीं डब्याच्या तळाशीं विसरून राहिलीं, त्यांच्याकडे धातूचे तुकडे उरले.

म्हणून मुलांच्या हातीं गल्ला देणाऱ्या घरांनीं दोन गोष्टी एकदमच शिकवाव्या: पैसा टाकावा कसा, आणि गल्ला फोडावा केव्हां. भरलेला गल्ला वर्षाकाठीं ठरल्या दिवशीं फुटावा, मोड मुलांनींच मोजावी, कांहीं पोस्टांत जावी आणि कांहीं एखाद्या चांगल्या कार्यास लागावी. तळेगांवची भट्टी पेटली ती गल्ल्याबाहेर पडलेल्या पैशांवर.