साचे सापडले, गाडी परतली

सप्टेंबर १९७९. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात एमजी मोटारींच्या कारखान्याला पन्नास वर्षं झाल्याचा सोहळा नुकताच पार पडला होता. त्यापाठोपाठच, सोमवारी १० तारखेला, मालक कंपनी ब्रिटिश लेलँडने हा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी तिथून बाहेर पडली. १९६२ पासून तिथे पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक कापडी टपाच्या, दोन माणसांच्या उघड्या गाड्या होत्या.

ही गाडी लोकांना आवडली ती तिच्या साधेपणामुळे. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, सुमारे ९५ अश्वशक्ती, ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास कमाल वेग. पान्यांचा एक संच घेऊन घरच्या अंगणात दुरुस्त करावी अशी ही गाडी. तिचं खरं दुखणं इंजिनात नव्हतं, पत्र्यात होतं. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. त्यात वर छप्पर नसल्यामुळे दाराखालच्या पोकळ पट्ट्यांवर, म्हणजे सिलवर, सगळा ताण येतो. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर या पोकळीत शिरतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरचा रंग चकचकीत असतो आणि दार उघडलं की ते पुन्हा नीट बसत नाही, कारण गाडी मधोमध वाकलेली असते. अशा गाडीत मोठं इंजिन घालणं म्हणजे पडक्या भिंतीवर मजला चढवणं.

तरीही मोठ्या इंजिनाचा मोह जुनाच. कारखान्याने १९६७ मध्ये तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं ओतीव लोखंडी इंजिन बसवून एमजीसी काढली. इंजिन इतकं जड, की गाडीचं नाक खाली ओढलं जाई. दोन वर्षांत ती बंद झाली.

या जडपणावर उत्तर मिळालं ते अमेरिकेतून. ब्यूक कंपनीने १९६१ मध्ये साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन अ‍ॅल्युमिनियममध्ये ओतलं आणि तीन वर्षांत सोडूनही दिलं. रोव्हरने १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले. आठ सिलिंडरचं असूनही ते एमजीबीच्या चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनापेक्षा फारसं जड नव्हतं. पुढे १९६८ मध्ये रोव्हर आणि एमजी ब्रिटिश लेलँडच्या एकाच घरात आल्या, पण हा जोड जमवण्याचं पहिलं श्रेय घराबाहेरच्या माणसाकडे जातं. केन कॉस्टेलो या रेसिंग ड्रायव्हरने १९७० च्या सुमारास एमजीबीत हे इंजिन बसवून अशा गाड्या विकायला सुरुवात केली. कारखान्याने १९७३ मध्ये स्वतःची व्ही-८ आणली, तीही फक्त छप्पर असलेल्या जीटी रूपात. २,५९१ गाड्यांनंतर तीही थांबली. कारखान्याची उघडी व्ही-८ एमजीबी रसिकांच्या मनातच राहिली. १९७४ पासून तर अमेरिकेतल्या नियमांपायी गाडीला काळे रबरी बंपर लागले, तिची उंची सुमारे दीड इंचाने वाढली आणि वळणावर ती झुकू लागली. एका देखण्या गाडीचे शेवटचे दिवस असे जावेत, याची हळहळ आजही वाटते.

मग कहाणीला वळण मिळालं ते साच्यांमुळे. एमजीबीची पत्र्याची पेटी तयार करणारे प्रेसचे साचे भंगारात गेले असं बरेच जण धरून चालले होते. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेच्या डेव्हिड बिशप यांनी ते शोधून काढले. त्यांची डागडुजी झाली, फॅरिंग्डन इथे नवी शेड उभी राहिली आणि १९८८ मध्ये एमजीबीच्या कोऱ्या करकरीत बॉडी पुन्हा विक्रीला आल्या. बंद पडून आठ वर्षं झालेल्या गाडीचा सांगाडा मूळ साच्यातून नवा मिळू लागला! गंजलेल्या पट्ट्या कापून ठिगळं लावत बसण्याऐवजी जुन्या गाडीचे अवयव सोडवायचे आणि नव्या पेटीत बसवायचे. मजला चढवायला भिंत भक्कम झाली.

दरम्यान १९८९ मध्ये जपानच्या माझदाने एमएक्स-५ आणली. जुन्या ब्रिटिश रोडस्टरांचा आनंद तिने न गळणाऱ्या, सकाळी हमखास सुरू होणाऱ्या गाडीत आणला आणि जग तिच्यावर तुटून पडलं. रोव्हरने हेरिटेजच्याच पेटीवर उत्तर रचलं. ऑक्टोबर १९९२ मध्ये एमजी आरव्ही-८ पुढे आली: ३.९ लिटर व्ही-८, १९० अश्वशक्ती, रुंद मडगार्डं, आत कातडं आणि लाकूड. वेग ताशी २१० किलोमीटरच्या पुढे. मागे मात्र मालमोटारीला असतात तसे कमानपाटे आणि ड्रम ब्रेक कायम राहिले. एवढ्या ताकदीला ते अपुरेच होते. नोव्हेंबर १९९५ पर्यंत दोन हजारांच्या आत गाड्या झाल्या आणि त्यातल्या दीड हजारांहून अधिक थेट जपानला गेल्या. वीस वर्षं वाट पाहिलेली गाडी ब्रिटनमध्ये थोड्यांनाच मिळाली. पुढे त्यातल्या कितीतरी वापरून झाल्यावर जहाजाने मायदेशी परतल्या.

कमानपाट्यांचं अपुरं काम खासगी कारागिरांनी हाती घेतलं. अ‍ॅबिंग्डनच्याच परिसरातल्या फ्रंटलाइन या कंपनीने २०१२ मध्ये, एमजीबीच्या पन्नाशीला, एलई-५० ही जीटी बांधली. हेरिटेजची नवी पेटी, नवं सस्पेन्शन, सहा गिअरचा गिअरबॉक्स, दोनशेहून अधिक अश्वशक्ती. पाठोपाठ उघडी ‘अ‍ॅबिंग्डन एडिशन’ आली, अडीच लिटर आणि तीनशेच्या घरातली अश्वशक्ती घेऊन. बाहेरून पाहणाऱ्याला ती साठच्या दशकातली एमजीबीच वाटते. बॉनेट उचललं की आत दिसतं ते माझदाचं इंजिन.