आठ तास आणि एक धक्का

बोटीवरची तिसरी रात्र. जेवण झाल्यावर आम्ही चौघं, म्हणजे आई, बाबा, बायको आणि मी, एका चकचकीत कागदावर डोकी घालून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बोट मॉरिशसला पोर्ट लुईच्या बंदरात लागणार होती. दुपारी चारच्या आत सगळ्यांनी परत यायचं. मध्ये आठ तास. या आठ तासांत काय करायचं त्याच्या सहलींची यादी त्या कागदावर होती. किमती युरोत, त्यामुळे बाबा प्रत्येक ओळ वाचून झाली की मनातल्या मनात गुणाकार करत होते आणि मान हलवत होते.

यादी साधारण अशी: पूर्व किनाऱ्यापाशी इल-ओ-सेर्फ नावाचं छोटं बेट, तिथे दिवसभर समुद्र. शामारेलची सात रंगांची माती आणि धबधबा. गंगा तलाव. आणि अर्ध्या दिवसाची शहर फेरी, जिच्यात फोटोसाठी थांबे आणि खरेदी. बायकोचं मत इल-ओ-सेर्फला. आईचं गंगा तलावाला. बाबांचं मत "एवढे पैसे कशाला, उतरून चालत फिरू." आणि माझं... मी तेव्हा मोबाईलवर नकाशा बघत होतो.

नकाशात बंदरालगतच एक छोटासा ठिपका होता. आप्रवासी घाट. चकचकीत कागदावर त्याचं नाव शहर फेरीच्या ओळीत होतं, "बसमधून दर्शन" या सदरात.

मग झोपेपर्यंत वाचत बसलो. (सोमवारी रिलीज असल्यासारखा! बायको वैतागली.) आणि वाचताना लक्षात आलं, की आमच्या आधीही या बंदरात बोटी थोड्या दिवसांसाठी थांबल्या होत्या आणि काही भलती मंडळी त्यांच्यावरून उतरली होती. त्यांनाही प्रश्न तोच होता: वेळ थोडा आहे, काय बघायचं?

पहिले चार्ल्स डार्विन. बीगल जहाज २९ एप्रिल १८३६ला पोर्ट लुईत आलं आणि ९ मेला निघालं. जगप्रवासाचं पाचवं वर्ष, माणूस घरी जायला आतुर. दहा दिवसांत त्यांनी शहर पालथं घातलं, ल पूस नावाचा डोंगर चढला, कॅप्टन लॉइड नावाच्या सर्व्हेयर-जनरलकडे पाहुणचार घेतला आणि त्यांच्या हत्तीवर बसून फेरफटकाही मारला. बेटावरचा एकुलता एक हत्ती तो! हे झालं टुरिस्टाचं काम. पण डार्विन ते डार्विनच. त्यांनी रस्ते उत्तम असल्याचं लिहिलं, इंग्रजांच्या ताब्यात आल्यापासून साखरेची निर्यात पंच्याहत्तर पटींनी वाढल्याचं सांगतात असं लिहिलं, आणि रस्त्यावर काम करणारे हिंदुस्थानी कैदीही टिपले. जन्मठेपेवर आलेले सुमारे आठशे. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यातून कैदी इथे पाठवले जात. म्हणजे डार्विनना आवडलेले ते उत्तम रस्ते बांधणाऱ्यांत आपल्याकडचेही हात होते.

पण आणखी एक गोष्ट तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. ती समजायला थोडं मागे जावं लागेल.

हे बेट मूळचं कुणाचंच नाही. डच लोक १५९८मध्ये इथे उतरले, आपल्या राजपुत्राच्या नावावरून मॉरिशस असं नाव ठेवलं, पुढे वस्ती केली, डोडो पक्षी संपवायला हातभार लावला आणि १७१०मध्ये निघून गेले. १७१५मध्ये फ्रेंच आले. त्यांचा गव्हर्नर ला बूर्दोने यानं १७३५नंतर पोर्ट लुई उभं केलं. १८१०मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. राज्यकर्ते बदलले तरी ऊस तोडणारे हात गुलामांचे, आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेल्या. १ फेब्रुवारी १८३५ला इथे गुलामगिरी कायद्यानं संपली. संपली म्हणजे मालकांना नुकसानभरपाई मिळाली, इथल्या मालकांना वीस लाख पौंडांहून जास्त. आणि गुलामांना? त्यांना काही वर्षं "उमेदवारी" म्हणून त्याच मालकांकडे राबायची सक्ती.

मळेवाल्यांनी हिशेब आधीच केला होता. रिसोर्स जाणार, तर रिप्लेसमेंट हवी. २ नोव्हेंबर १८३४ला 'अॅटलस' हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि शिधा. इंग्रज सरकारनं याला नाव दिलं 'महान प्रयोग'. गुलामांऐवजी करारावरचे 'मुक्त' मजूर मळे चालवू शकतात का, याचा हा पायलट प्रोजेक्ट. तो 'यशस्वी' झाला आणि मग गयाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी असा सगळीकडे रोलआउट झाला. एकट्या मॉरिशसमध्ये १९२०पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं आली. त्यांना उतरवून घेण्यासाठी १८४९मध्ये धक्क्यालगत डेपो बांधायला घेतला. तोच हा घाट.

अॅग्रीमेंटचं गिरमिट झालं ते याच व्यवहारात. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. दोन्ही अर्थ लागू पडतात म्हणा.

इथे मला माझा पहिला बाँड आठवला. कॅम्पसमधून लागलो तेव्हा मीही दोन वर्षांच्या कागदावर न वाचता सही केली होती, आणि नंतर दोन वर्षं "आपण वेठबिगार आहोत" असे विनोद आमच्या टीमनं चहाच्या टपरीवर केले. पण वाचता वाचता तो विनोद घशात अडकला. इथे 'डबल कट' नावाचा नियम होता: एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी पडलात तरी हिशेब चुकत नसे. करार संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे, नसेल तर भटक्या म्हणून तुरुंग. १८७१मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्यानंच या जुन्या मजुरांसाठी अर्ज लिहिला. त्याखाली ९,४०१ जणांची नावं होती. बाकीच्या गोऱ्यांनी त्याचं जगणं मुश्कील केलं, पण लंडनहून चौकशी आयोग आला. आमचा बाँड मोडला असता तर फार तर पैसे भरावे लागले असते. तुलना करायचीच असेल तर निदान एवढा फरक लक्षात ठेवून करावी.

दुसरे पाहुणे मार्क ट्वेन, १८९६. दिवाळं निघालेलं, कर्ज फेडायला जगभर व्याख्यानं देत फिरत होते. मॉरिशसच्या जाहिरातींत त्यांच्या नावावर स्वर्गाची उपमा असलेलं एक वाक्य हमखास छापतात. आमच्या चकचकीत कागदावरही होतं. गंमत अशी, की ती बढाई त्यांनी एका स्थानिक माणसाच्या तोंडची म्हणून नोंदवली आहे, आणि लगेच पुढे दुसऱ्यांचं म्हणणंही दिलंय की ही अतिशयोक्ती आहे. जाहिरातवाल्यांनी पुढचा भाग गाळला. कॉपी-पेस्ट करताना नेमकं अर्धंच सिलेक्ट करायचं, हे कौशल्य जुनंच आहे :)

तिसरे मोहनदास गांधी, वय ३२, पेशा वकिली. १९०१च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतून घरी परत निघाले होते. बोट मॉरिशसला बरेच दिवस थांबली. आत्मकथेत त्यांनी यावर अगदी थोडक्यात लिहिलंय: मुक्काम लांबला म्हणून उतरून तिथली परिस्थिती समजून घेतली, एक रात्र गव्हर्नर सर चार्ल्स ब्रूस यांच्याकडे पाहुणा होतो. बस. पण १९०७मध्ये मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर इथे आले ते गांधींच्या सांगण्यावरून. त्यांनी मजुरांचे खटले चालवले, वर्तमानपत्र काढलं. आणि १९६८मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा तारीख ठरली १२ मार्च, दांडीयात्रेची. बोट थांबली असताना केलेली एवढी फलदायी सहल दुसरी मला तरी माहीत नाही.

सकाळी नाश्त्याला मी हे सगळं एका दमात सांगितलं. बायको म्हणाली, "छान आहे. मी समुद्रावर जाणार." आणि रात्री मान हलवणारे बाबा चक्क तिच्याबरोबर निघाले! आई तेवढी माझ्याकडे आली. तिचा गुडघा दुखतो, बसचा लांबचा प्रवास नको होता हे एक. शिवाय म्हणाली, "गंगा काय, नाशिकलाही आहे. चल, तुझा धक्का बघू." एक सूचना होती: बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, स्वतःच्या जबाबदारीवर गेलात तर थांबत नाही. म्हणून मोबाईलवर तीनचा गजर लावला.

आत जायला तिकीट नव्हतं. जागा केवढीशी! मूळ डेपोचा फार थोडा भाग उरलाय. रस्ते आणि बाकीच्या बांधकामांनी उरलेलं गिळलं. पण जे आहे ते नीट राखलंय, २००६मध्ये जागतिक वारशाच्या यादीतही आलं. दगडी भिंती, राहायच्या खोल्यांचे अवशेष, आणि समुद्राकडच्या त्या पायऱ्या. बोटीतून उतरून माणूस या पायऱ्या चढायचा, डेपोत एक-दोन दिवस थांबायचा, नंबर मिळायचा आणि मळ्यावर रवानगी. आई पायऱ्यांपाशी चप्पल काढून उभी राहिली. मी काही बोललो नाही.

बाजूच्या माहिती केंद्रात आम्ही मराठीत बोलत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "तुम्ही महाराष्ट्रातून आलात?" पन्नाशीच्या बाई, त्याही बघायलाच आलेल्या, नातवाला घेऊन. मराठी शाळेत शिकलेलं, जपून बोललेलं, घरी क्रिओल. मुंबई बंदरातून इथे आलेले कलकत्ता-मद्रासच्या मानानं थोडेच, पण त्यात रत्नागिरीकडचे बरेच होते. त्यांच्या वंशजांनी भाषा शाळेत टिकवली, गणेश चतुर्थीला इथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. आईनं लगेच पुढचा प्रश्न टाकला, जो आपण कुणालाही टाकतो: "तुमचं गाव कोणतं?"

बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तेच तर माहीत नाही."

मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या ठेवल्या आहेत. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज. वंशजांना उतारा मिळतो. बाईंनी पणजोबांचा काढला होता, मोबाईलमध्ये फोटो होता. जिल्हा रत्नागिरी, हे कळत होतं. गावाचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांत असं लिहिलेलं, की वाचलं तर 'करबोरा' होईल. पणजोबांनी कोकणी हेलात सांगितलं, कारकुनानं त्याला ऐकू आलं तसं लिहिलं. डेटा एन्ट्रीची चूक, आणि मूळ सोर्स कायमचा गेलेला. आडनावाचंही तेच, बापाचं नावच इथे आडनाव झालं.

आईचं माहेर रत्नागिरीचं. तिनं चष्मा लावला, ते नाव पाच-सहा वेळा मोठ्यानं वेगवेगळं म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "अगं, करबुडे असेल! रेल्वेचा मोठा बोगदा आहे ना, तिथलं." मग स्वतःच सावध झाली. "की दुसरं असेल? आमच्याकडे असली नावं पुष्कळ." बाईंनी नातवाकडून ते मराठीत लिहून घेतलं: करबुडे. आणि त्याखाली आईनं सांगितलेली आणखी दोन नावं. नक्की काहीच नाही. पण बाई तो कागद ज्या तऱ्हेनं घडी घालून पर्समध्ये ठेवत होत्या, ते बघून मी उगाच दुसऱ्या तक्त्याकडे वळलो.

तीनचा गजर वाजला.

बोटीच्या शिडीपाशी कार्ड मशीनला लावलं. आवाज आला, पडद्यावर माझा फोटो आणि नंबर. आत गेलो. बाबा उन्हानं लाल झालेले, भलतेच खुशीत. बायकोनं शंख आणला नाही, नेऊ देत नाहीत म्हणे.

समुद्राला माझा विरोध नाही, पुढच्या वेळी मीही जाईन. एवढंच, की सहलींची यादी ज्यानं छापली त्याला काय विकायचंय ते त्यात असतं. बोट लागते त्या धक्क्यावर काय घडलं, ते बहुतेक वेळा फुकट असतं आणि चालत जाण्याच्या अंतरावर असतं. निवडण्याआधी नकाशात एकदा बघून घ्यावं.

उताऱ्याचा फोटो आईनं रत्नागिरीला मामाला पाठवलाय. करबुड्याला त्याचा एक मित्र आहे. जुनी माणसं आहेत का, कुणाच्या घरातून कोणी बोटीनं गेल्याचं ऐकलंय का, विचारून बघतो म्हणाला. बघू.