डायल-अप इंटरनेट आणि जुन्या संगणकांवरील जोडणी-दोषांचे निवारण : वसई परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह देशातील महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. व्यक्तिगत टीसीपी/आयपी खात्यासाठी २५० तासांना वार्षिक १५,००० रुपये पडत. विद्यार्थ्यांना मात्र केवळ अक्षररूप मजकूर दाखविणारे खाते ५०० रुपयांत मिळे. या सेवेचा इतिहास बहुधा महानगराच्या दृष्टीने सांगितला जातो. गोखिवरे व वसई परिसराच्या दृष्टीने पाहिल्यास त्याची दुसरी बाजू दिसते.

दूरध्वनी क्षेत्राची सीमा :
मुंबईचा दूरध्वनी कारभार १९८६ पासून महानगर टेलिफोन निगमाकडे होता. वसई त्याबाहेर राहिली व १ ऑक्टोबर २००० नंतर भारत संचार निगमाच्या क्षेत्रात आली. मुंबईचा संकेतांक ०२२, तर वसईचा ०२५०. लोकलने जोडलेली ही दोन ठिकाणे दूरध्वनीच्या दृष्टीने परकी होती. मुंबईतील केंद्राशी संपर्क साधताना संगणकातील ‘डायलिंग’ रचनेत संकेतांक अचूक भरावा लागे. मुंबईतील संगणकावरील रचना जशीच्या तशी उतरविल्यास क्रमांक अपुरा फिरे. दूरध्वनीवरील एसटीडी सुविधा बंद असली तर निर्दोष मोडेमही निरुपयोगी ठरे.

दोषांचा शोध :
दोषनिवारणाचा क्रम तारेपासून सुरू होई. विंडोजमधील ६८० हा संदेश डायल-टोन नसल्याचे, ६७६ क्रमांक व्यस्त असल्याचे व ६९१ नाव किंवा परवलीचा शब्द नाकारल्याचे सांगे. टोन ऐकू येत असूनही मोडेमला तो ओळखता न आल्यास ‘एटीएक्स३’ ही आज्ञा देऊन त्याची प्रतीक्षा टाळता येई. तारेत खरखर असल्यास वेग घटे किंवा जोडणी तुटे. दुसऱ्या खोलीतील जोडफोन उचलला तरी तेच होई.

जुन्या संगणकांत दोष पुष्कळदा आतच असे. कॉम १ व कॉम ३ ही द्वारे सामान्यतः एकच व्यत्ययरेषा वापरीत. त्यामुळे एकावर माउस व दुसऱ्यावर अंतर्गत मोडेम असल्यास दोहोंत संघर्ष होई. १६४५० प्रकारच्या चिपमध्ये येणाऱ्या अक्षरांसाठी एकाच बाइटची साठवण होती, तर १६५५०ए चिपमध्ये ती १६ बाइटची होती. म्हणून वेगवान मोडेम घेऊनही जुन्या यंत्रावर अक्षरे गळत. जोडणी होऊनही पृष्ठे न उघडल्यास नामसेवकाचा पत्ता तपासावा लागे.

चुकीची किंमत :
येथे एक आर्थिक बाब निर्णायक होती. व्यस्त क्रमांकाला आकार पडत नसे. परंतु पलीकडच्या मोडेमने उत्तर दिले की कॉल मोजला जाई. मग परवलीचा शब्द चुकला तरी पैसे जात. त्यामुळे कोणता दोष घरी, कोणता तारेत व कोणता सेवाकेंद्रात, हे ओळखणे हा केवळ तांत्रिक कौशल्याचा नव्हे, तर घरखर्चाचाही प्रश्न होता.

निष्कर्ष :
१९९८ च्या धोरणाने खासगी सेवादात्यांना प्रवेश दिला. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेग निश्चित केला. पुढे डीएसएलमुळे इंटरनेट चालू असतानाही दूरध्वनी मोकळा राहू लागला आणि क्रमांक फिरविण्याची गरज संपली. वसईसारख्या सीमेवरील भागात इंटरनेटची उपलब्धता केवळ संगणक विकत घेतल्याने ठरली नाही. दूरध्वनी प्रशासनाने आखलेल्या रेषा आणि त्या ओलांडण्यासाठी वापरकर्त्याने कमावलेले ज्ञान यांनीही ती ठरविली, असे म्हणता येते.