बीदरचा अर्धा मदरसा

आम्ही ज्या भागात शिकवतो तो उदगीर, निलंगा, अहमदपूरचा पट्टा 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचना झाली, हे तालुके मराठी मुलखात आले आणि बीदर कर्नाटकात गेले. आमच्या आजोबांच्या पिढीची कोर्टकचेरी बीदरला असे. घरातली वडीलधारी माणसे अजूनही बीदरचे नाव माहेरच्या गावासारखे घेतात. आमच्या विद्यार्थ्यांना मात्र बीदर म्हणजे सीमेपलीकडचे एक लहान शहर, एवढेच ठाऊक. म्हणून गेल्या हिवाळ्यात आमच्या उर्दू शाळेची सहल आम्ही बीदरला नेली.

सहलीत एका आठवीतल्या मुलाने एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नापायी हा लेख लिहावा लागला. प्रश्नाकडे येण्यापूर्वी शहर नीट पाहून घेऊ.

जांभ्या दगडावरची राजधानी

1347 साली दख्खनमध्ये बहमनी राज्य स्थापन झाले. त्याची राजधानी आधी गुलबर्गा होती. 1422 साली गादीवर आलेल्या अहमदशहाने ती काही वर्षांतच बीदरला हलवली. बीदर जांभ्या दगडाच्या उंच पठारावर वसलेले आहे. हवा चांगली, खाली दूरवर मैदान आणि संरक्षणाला सोयीची कड. किल्ल्याच्या नैऋत्येला खडक खोदून तयार केलेला तिहेरी खंदक आहे. खंदकांच्या मधल्या भिंती बांधून काढलेल्या नाहीत; मूळ खडकच तसा उभा ठेवला आहे. लाल जांभ्यातला तो खोल खंदक पाहून आमची मुले काही क्षण गप्प झाली. एरवी ती गप्प होणारी नव्हेत.

किल्ल्यात सोळा खांब मशीद आहे. 1423-24 चा शिलालेख असलेली ही मशीद बीदरमधील सर्वांत जुन्या मुस्लिम वास्तूंपैकी एक. जाडजूड गोल खांबांच्या रांगा, साधी कमान, नक्षीचा सोस नाही. तिच्यापासून थोड्या अंतरावर रंगीन महाल आहे. तो आज दिसतो त्या रूपात अली बरीदशहाच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकात, घडवला गेला. लाकडी खांबांवर कोरीव काम, भिंतींवर रंगीत काशीकाम आणि काळ्याभोर दगडात शिंपल्यांचे जडावकाम. सोळा खांबची साधेपणाची भाषा आणि रंगीन महालाची शृंगाराची भाषा यांच्यामध्ये सव्वाशे-दीडशे वर्षे आहेत. पण पहिली भाषा मोठ्या राज्याची आहे आणि दुसरी त्या राज्याचे पाच तुकडे झाल्यावर उरलेल्या एका लहान तुकड्याची. इमारत जितकी सजलेली तितके राज्य बळकट, असे गणित नसते, हे मुलांना येथे उभे राहून सांगता येते.

शहराला पाणी कोठून येई, हेही पाहण्यासारखे आहे. पठारावर नदी नाही. जांभ्यात मुरलेले पाणी खालच्या काळ्या पाषाणावर थबकते. ते हेरून इराणी पद्धतीचे भुयारी कालवे खोदले गेले. त्यांना करेज म्हणतात. लोक सुरंग बावडी म्हणतात. जमिनीखालून हलक्या उताराने पाणी चालते, आणि ठरावीक अंतरावर वरून विहिरीसारखी भोके पाडलेली असतात. त्यांतून हवा जाते, गाळ काढता येतो, पाणीही शेंदता येते. नौबादजवळचा असा कालवा अनेक वर्षे गाळाने भरलेला होता. अलीकडच्या काळात त्याची सफाई झाली. मिनार सर्वांना दिसतो. त्या काळचे हे भुयार दिसत नाही, पण मिनार बांधणाऱ्यांना पाणी यानेच पाजले.

अष्टूरची फुटलेली कबर

शहराच्या पूर्वेला अष्टूर येथे बहमनी सुलतानांचे मकबरे एका ओळीत उभे आहेत. त्यांतील अहमदशहाची कबर आतून पाहावी. छतापर्यंत रंग, सोनेरी अक्षरे, वेलबुट्टी. बाहेरून गंभीर दिसणारी इमारत आत इतकी प्रसन्न असेल असे वाटत नाही. लोक या सुलतानाला वली मानतात. लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभूंच्या रूपात पाहतात. त्याचा उर्स हिंदू पंचांगाप्रमाणे होळीनंतर भरतो आणि त्यात जंगमाला मान असतो. सुलतानाच्या कबरीवर शंख वाजतो आणि फातिहाही होते. यावर कोणी व्याख्यान दिलेले नाही. शतकानुशतके लोक तसे करत आले आहेत.

त्याच ओळीत हुमायून शहाचा मकबरा आहे. हा सुलतान इतिहासात ‘जालिम’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या मकबऱ्यावर वीज पडली आणि निम्मा घुमट कोसळला. उरलेला निम्मा तसाच उभा आहे. भूमितीच्या पुस्तकातील छेद-आकृतीप्रमाणे घुमटाची जाडी, भिंतीचा गाभा, कमानीचा जोड सारे उघडे दिसते. वीज म्हणजे जालिमाला मिळालेली सजा, असे लोक म्हणतात. आम्ही मुलांना वह्या काढायला लावल्या आणि त्या छेदाचे चित्र काढून घेतले. घुमट कसा तोलला जातो हे अखंड इमारतीपेक्षा फुटलेली इमारत चांगले शिकवते.

दाभोळला उतरलेला व्यापारी

आता ज्या वास्तूसाठी आम्ही गेलो होतो तिच्याकडे वळू. शहराच्या मध्यावर महमूद गावानचा मदरसा आहे.

गावान इराणमधील गीलानचा. 1453 च्या सुमारास तो व्यापारी म्हणून आपल्या कोकणातील दाभोळ बंदरात उतरला आणि तेथून बीदरला आला. पुढे हुमायूनच्या काळात आणि नंतर मुहम्मदशहा तिसरा याच्या काळात तो राज्याचा वजीर झाला. चार सुभ्यांचे त्याने आठ केले, जमिनीची मोजणी सुरू केली, सुभेदारांच्या हातातील बहुतेक किल्ले सरकारकडे घेतले. 1472 साली त्याने गोवा जिंकले. त्याच वर्षी बीदरमध्ये हा मदरसा पुरा झाला. तलवार आणि तख्ती दोन्ही एकाच माणसाच्या हातात होत्या, हे लपवण्याचे कारण नाही.

त्या काळचे राज्य सुखाचे होते असेही नाही. अफानासी निकितिन हा रशियन प्रवासी चौल, जुन्नर या वाटेने 1469 च्या सुमारास बीदरला पोचला होता. सरदार चैनीत आहेत आणि खेड्यातली माणसे हलाखीत आहेत, असे त्याने नोंदवले. म्हणून बहमनी वैभवाच्या गप्पा मारताना या रयतेची आठवण ठेवावी. कारण इमारतींचा खर्च शेवटी तिच्याच धान्यातून निघत होता.

त्या खर्चातून निदान एक काम असे झाले, की ज्याचा अभिमान धरावा. मदरसा सुमारे 205 फूट लांब आणि 180 फूट रुंद, तीन मजली. मध्ये मोठे अंगण आणि चारी बाजूंनी शिकणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या खोल्या. बाजूंच्या मध्यभागी उंच दालने, त्यांवर घुमट. खोल्यांत उजेड आणि वारा यावा याची काळजी बांधणीतच घेतलेली आहे. समोरच्या दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या फरश्यांचे काशीकाम आणि कुराणातील आयतींचे सुलेखन होते. खुरासान-समरकंदच्या मदरशांचा नमुना दख्खनच्या पठारावर आणलेला. फारसीतील मोठे कवी जामी यांच्याशी गावानचा पत्रव्यवहार होता. त्यांना त्याने बीदरचे आमंत्रणही दिले होते. ते आले नाहीत, पण एक वजीर कवीला आपल्या गावी बोलावतो, हीच गोष्ट मोठी. येथील ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते असे जुने इतिहासकार सांगतात.

आज समोर उभे राहिले की डोळ्यांत भरतो तो एकच मिनार. 131 फुटांचा. त्यावर रंगीत फरश्यांचे नागमोडी पट्टे अजून शाबूत आहेत. दुसरा मिनार नाही. मुख्य दरवाजा नाही. आग्नेयेकडचा सगळा कोपरा नाही. रस्त्यावरून थेट आतले अंगण दिसते.

मुलाचा प्रश्न

याच ठिकाणी आमच्या त्या विद्यार्थ्याने विचारले, “सर, ये किसने तोडा?”

त्याच्या आवाजात राग होता. उत्तर त्याने मनात आधीच तयार ठेवले होते. आम्ही फक्त शत्रूचे नाव सांगायचे होते. दोन-चार मुलेही पुढे सरसावली. त्या वयातल्या मुलांच्या कानांवर घरी, बाहेर, मोबाइलवर काय काय पडत असते हे आम्ही जाणतो. आम्ही त्यांना पायरीवर बसवले आणि जे खरे ते सांगितले.

1657 साली शहजादा औरंगजेबाने बीदर जिंकले. किल्लेदार सिद्दी मरजान तेव्हा दारूगोळ्याच्याच स्फोटात होरपळला. पुढे मोगल फौजेने या मदरशात घोडेस्वार ठेवले आणि मिनाराजवळच्या खोल्यांत बारूद भरली. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्या साठ्याचा स्फोट झाला. वीज पडून तो पेटला, असे सांगितले जाते. दरवाजा, एक मिनार आणि सगळा कोपरा एका क्षणात गेला. बांधणारे कलमा पढणारे, आणि ज्या खोल्यांत ग्रंथ असायला हवे होते तेथे बारूद भरणारेही कलमा पढणारेच.

मुलाने दुसरा प्रश्न केला, “और गावान को किसने मारा?” याचेही उत्तर अवघड होते. दरबारातील विरोधी सरदारांनी त्याच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाच्या नावे खोटे पत्र लिहिले. सुलतानाने चौकशी न करता 5 एप्रिल 1481 रोजी त्याचा वध करवला. सत्तरी ओलांडलेला म्हातारा होता. नंतर त्याची संपत्ती मोजायला माणसे गेली तेव्हा फारसे काही हाती लागले नाही. ग्रंथ तर विद्यार्थ्यांच्या मालकीचे आहेत, असे खजिनदाराने सांगितले म्हणतात. पुढच्याच वर्षी सुलतान वारला आणि राज्य फुटू लागले. विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड, गोवळकोंडा, बीदर अशा पाच शाह्या झाल्या.

मुले निराश झाली, हे आम्ही पाहिले. त्यांना शत्रू हवा होता आणि आम्ही आरसा दिला. परतीच्या वाटेवर आमच्याच मनात आले, की हे सांगणे बरोबर झाले का? ज्या पोरांना बाहेर रोज कोणी ना कोणी हिणवते, त्यांच्या हातात अभिमानाची एक तरी अखंड वस्तू द्यायला नको होती का?

आमचे उत्तर असे आहे. खोट्या अभिमानावर वाढलेला मुलगा पहिल्याच पुराव्यापुढे कोसळतो. उलट अर्धा मदरसा पाहून, तो का अर्धा आहे हे समजून घेतलेला मुलगा उरलेल्या अर्ध्यावर खरे प्रेम करू शकतो. इतिहास दुसऱ्यांना सुनावण्यासाठी वाचला तर तो निम्माच कळतो. स्वतःला विचारण्यासाठीही तो वाचावा लागतो.

आमच्या खोलीतील पोती

विचारायचे म्हटल्यावर आम्हालाही सुटका नव्हती. सहलीनंतरच्या सोमवारी तोच मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आला. म्हणाला, “सर, अपनी लायब्ररी में भी तो चावल की बोरियां हैं.”

आमच्या शाळेत ग्रंथालयाची पाटी असलेली एक खोली आहे. पोषण आहाराचा तांदूळ ठेवायला दुसरी कोरडी जागा नाही म्हणून कित्येक वर्षे पोती तेथेच रचलेली होती. मागच्या कपाटाला कुलूप, आणि पोत्यांमुळे कपाटापर्यंत पोचता येत नसे. तांदूळ म्हणजे बारूद नव्हे, हे आम्हाला कळते. मुलांच्या पोटाचा तो प्रश्न आहे. पण पुस्तकांच्या खोलीत दुसरेच काही भरले गेले आणि आम्ही बी.एड. झालेली माणसे त्याला सरावलो, ही गोष्ट मुलाच्या नजरेने पकडली. त्या आठवड्यात पालकांना बोलावले. एकाने पत्रा दिला, एकाने सुतारकाम केले, ओसरीच्या टोकाला तांदळासाठी आडोसा झाला. कपाट उघडले तेव्हा बरीच पुस्तके वाळवीने खाल्लेली निघाली. जी वाचली ती आता मुलांच्या हातात आहेत.

बीदर, गुलबर्गा, विजापूर आणि हैदराबाद येथील दख्खनी सुलतानांच्या वास्तू 2014 पासून जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आहेत. मदरशाची देखभाल पुरातत्त्व खाते करते. ते सर्व होत राहावे. पण आपल्या हाती जे आहे ते त्याहून जवळ आहे. मुलांना घेऊन बीदरला जा. तिहेरी खंदक दाखवा, करेजचे पाणी दाखवा, अष्टूरला शंख आणि फातिहा एकत्र ऐकवा. मदरशासमोर मूल विचारील, की हे कोणी तोडले. तेव्हा खरे सांगा. आणि घरी आल्यावर आपापल्या गावातल्या शाळेच्या, मशिदीच्या, मोहल्ल्याच्या ग्रंथालयाचे कुलूप एकदा उघडून आत काय ठेवले आहे ते पाहा.